वाघिणीला बांगड्या भरणारी सारजा

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात सारजा नावाची कासारीण राहायची. घरोघरी जाऊन बायकांना बांगड्या भरायची. तिचा हात इतका हलका, की भरताना बांगडी कधी फुटायची नाही.

मग एका वर्षी तापाची साथ आली. त्यात तिचा नवरा गेला. तेरावं झालं, सारजानं बांगड्यांची माळ खांद्यावर टाकली आणि गावात निघाली. पहिल्या दारात बाई म्हणाली, "आज नको." दुसऱ्या दारात म्हणाली, "उद्याही नको." तिसरं दार पाटलीणबाईंचं. त्या म्हणाल्या, "सारजे, तुझेच हात रिकामे. सवाष्णीला तुझा हात लागायला नको. घरी बैस."

सारजा घरी बसली. हात पदराखाली झाकून बसली. आपले हातच वाईट, असं तिलाही वाटायला लागलं, बरं का. ते सगळ्यात वाईट.

मग एका दुपारी दारात कोण आलं? वाघीण.

"बांगड्या भर," वाघीण म्हणाली.

"माझे हात वाईट आहेत गं बाई."

"का? कुणाला खाल्लं त्यांनी?"

"छे."

"मग माझ्यापेक्षा बरे आहेत. चल, भर."

सारजानं पंजा मांडीवर घेतला. पहिली बांगडी फुटली. दुसरीही फुटली. वाघीण गुरगुरली नाही, नुसती थांबली. मग सारजानं पंजा हळूहळू दाबला. नखं आत गेली आणि तिसरी बांगडी सुळकन चढली, मागोमाग बाकीच्याही चढल्या.

आता आपल्याकडे रीत अशी, की बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते. राणी असली तरी करते. वाघिणीनं डोकं जमिनीला टेकवलं. मग किणकिण करत रानात गेली.

त्या दिवशी सारजाचे हात पदराबाहेर आले.

मग पाटलीणबाईंच्या लेकीचं लग्न निघालं. परगावचा कासार आला. तो चुडा भरायला जायचा आणि बांगडी फुटायची. पोरीचा हात रक्ताळला. पाटलीणबाईंनी सारजाला निरोप धाडला, "अंधार पडल्यावर ये." सारजा गेली नाही. दुसरा निरोप आला, "मागच्या दारानं ये." तरी गेली नाही. मग बाई स्वतः आल्या.

"आता काय तुझ्या पाया पडू?"

"तुम्ही नको. जिच्या हातात भरीन, ती पडेल. मी भरदिवसा येईन, पुढच्या दारानं येईन, ओसरीवर बसेन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नवरी रिकाम्या हातांनी उभी करा. माझे रिकामे हात गावानं बघितलेच आहेत."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाटलीणबाईंनी ओसरीवर पाट मांडला. सारजा ओसरीवर बसली. एकही बांगडी फुटली नाही. नवरीनं सगळ्या गावासमोर वाकून नमस्कार केला.

सारजा उठणार, तोच माजघरातून नवरीची आत्या बाहेर आली. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिनं आपला हात पुढं केला.

"वन्सं, हे काय?" पाटलीणबाई म्हणाल्या.

आत्या त्यांच्याकडे बघेना. "हिरव्या दे गं," ती सारजाला म्हणाली.

सारजानं हात धरला. "सैल सोडा, आत्याबाई."

"वीस वर्षं आवळून धरलाय. सुटत नाही."

"सुटेल. मला घाई नाही."

आणि सुटला, बरं का. आत्याचे दोन्ही हात भरले. उरलेल्या बांगड्या सारजानं स्वतःच्या हातांत भरल्या. मग ती पुढच्या दारानंच घरी गेली, आणि पुढं सुखानं राहिली.

चला, तुम्हीही आता मुठी सोडा. डोळे मिटा.