झेल्याच्या मुठी

फार मागे एका बेडकाच्या मांडीत स्नायूचा दोरा आणि कण झेलणारा झेल्या शेजारी राहत. मांडीतल्याच कोठारातून चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, कण सुटले की दोरा आखडायचा आणि बेडूक उडी मारायचा. झेल्या लगेच ते कण मुठीत धरायचा, तेव्हा कुठे दोरा सैल पडायचा.

"उड्या मी मारतो, तू नुसता मुठी आवळून बसतोस," एकदा दोरा म्हणाला. "आज एकही कण धरू नकोस, मग बघ माझी उडी!"

झेल्या ओशाळला. त्याने हात मागे घेतले.

तेवढ्यात बगळा आला. बेडकाची उडी खरंच लांब गेली, पण कण मोकळेच राहिले आणि दोरा आखडला तो आखडलाच. पाय काठीसारखा ताठ झाला. दुसरी उडी निघेना.

"धर रे बाबा, धर!" दोरा ओरडला.

झेल्याने कण मुठीत घेतले. पाय सैल पडला आणि बेडकाने चोचीखालून तळ्यात सूर मारला.

चिखलात दडून बेडकाने मांडी थोपटली. "शाब्बास रे दोऱ्या!"

दोऱ्याला मान वर करवेना. तो पुटपुटला, "झेल्या, खरं काय ते सांगू त्याला?"

"आधी हे कण कोठारात ठेवू दे," झेल्या म्हणाला. "बगळा अजून काठावरच आहे."