बंबाच्या पोटातली राख

भांडी बोलत असत त्या काळी एक तांब्याचा बंब होता. गोदाक्का त्याला रोज चिंचेने घासून लखलखीत करी, पण जाळीखालची राख काढायचं तिला सुचत नसे. एकदा घरात बाळ जन्मलं आणि त्याच्या अंघोळीचं पाणी काही तापेना.

"बंबोबा, रूप झकास, पण पोटात वारा शिरेल तर शपथ!" जाळीवरच्या करवंट्या धुमसत म्हणाल्या.

तेवढ्यात बाळ कुडकुडून रडलं. बंबाला राहवेना. तो चिमट्याला म्हणाला, "दादा, खालची राख उपस."

"अंगभर उडेल हो. चकाकी जाईल."

"जाऊ दे. पाणी तापलंच पाहिजे."

राख निघाली, करवंट्या भडकल्या आणि बाळ ऊनऊन पाण्याने न्हालं.

"अगं बाई, काय हे ध्यान!" गोदाक्का चिंच घेऊन धावली.

"घासणं राहू दे, अक्का," बंब म्हणाला. "आधी पाणी ओत. बाळंतीण अजून न्हायची आहे."