टोचलेला कागद

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या एका डोंगरगावात एक चित्रकार राहत होता. हात कसबी, पण स्वतःच्या चित्रांवर जरा जास्तच जीव. त्या वर्षी मोठ्या साथीतून गाव वाचलं, म्हणून देवाचे आभार मानायला चर्चच्या भिंतीवर मेरी आणि बाळ येशूचं चित्र काढायचं ठरलं. गावकऱ्यांनी वाळू चाळली, चुना मळला आणि नाताळपर्यंत चित्र पुरं करा, असं चित्रकाराला सांगितलं.

त्याने आधी भिंतीच्या मापाच्या कागदावर कोळशाने चित्र रेखाटलं. वाकलेली आई, दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले मेंढपाळ आणि सगळ्यांची नजर मधल्या बाळावर. पाहणाऱ्याची नजरही आपोआप तिथेच जाई. इतकं सुरेख त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

आता रीत अशी, की कागदावरची रेघन् रेघ सुईने टोचायची, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. छाप्यातून रांगोळी उतरते तसं चित्र ठिपक्यांनी भिंतीवर उतरतं. टोचायचं काम त्याची बायको करी. ती सुई घेऊन बसली, तर याने कागद गुंडाळून कुलपात ठेवला. एवढ्या चांगल्या चित्राची चाळण होऊ देणार नाही, भिंतीवर अंदाजानेच काढीन, म्हणाला.

अंदाज तो अंदाजच. रंग ओल्या गिलाव्यातच धरतो, म्हणून गिलावा वाळू लागला तसा हात घाईला आला. आईची नजर बाळाऐवजी दाराकडे गेली आणि एक मेंढपाळ कडेला अर्धाच मावला. गावकऱ्यांनी गिलावा खरवडला आणि पुन्हा चुना मळायला घेतला. चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाताळ तोंडावर आला होता.

बायको म्हणाली, "अहो, गावाने आभार मानायला चित्र मागितलंय. तुमचं कौतुक करायला नाही."

त्याने कुलूप काढलं, कागद तिच्यापुढे पसरला आणि कडा धरून बसला.

नाताळला चित्र पाहून अख्खं गाव गुडघ्यावर बसलं. साथीतून उठलेली एक म्हातारी तर बाळाकडे पाहून रडलीच.

घरी कागद काळवंडून पडला होता, कडा फाटल्या होत्या. चुलीत घालण्याआधी एकदा पाहावं म्हणून चित्रकाराने तो खिडकीशी धरला. भोकाभोकांतून ऊन आत आलं आणि आई, बाळ, मेंढपाळ, सगळे उजेडाच्या ठिपक्यांत उभे राहिले. त्याचे डोळे भरून आले. त्याने बायकोला हाक मारली.

"माझ्या कोळशात हे नव्हतं," तो म्हणाला. "हे तुझ्या सुईने दिलं."

तात्पर्य: आपल्या हातून जे चांगलं घडतं, ते देण्यासाठीच मिळालेलं असतं. कुलपात ठेवलं तर त्याचा नुसता कागद राहतो.