आवडाईची बिनबुडाची टोपली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कळकेवाडीला धड रस्ता नव्हता, पण ओढ्याकाठी कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट होतं आणि बेटाच्या सावलीत आवडाई बुरडीण राहायची. सुपं विणायची, टोपल्या विणायची. गावात मूल जन्मलं की पाचव्या दिवशी त्याला नव्या सुपात निजवायची रीत होती आणि ते सूप घेऊन आवडाईच जायची. असं म्हणतात, सुपातल्या लेकराला एकदा पाहिलं की तिला ते जन्मभर ओळखू यायचं.

शिमग्याच्या सुमारास ती टोपल्या विकायला भागूच्या दारात आली. भागूचा म्हादू तेव्हा वर्षाचा झाला होता. त्याच्या वयाची शेजारची पोरं उंबरा ओलांडून कोंबड्यांमागे रांगत होती आणि म्हादू माजघरात पाळण्यातच होता. मान धरत नव्हता.  भागूने कुणालाही विचारलं की एकच उत्तर, होईल हळूहळू. सासू म्हणायची, ह्याचा बाप तरी कुठं लवकर बसला होता. म्हादू कुरकुरला की कुणीतरी त्याला उचलून खांद्यावर टाकायचं. जमिनीवर ठेवायचं म्हणजे लोकांना दाखवायचं, आणि लोकांची दृष्ट काही चांगली नसते. माया करणारी माणसं होती हो ती. चूकही मायेनेच केली.

आवडाईने पाळण्याशी बांगड्या वाजवल्या. म्हादूचे डोळे वळले, मान वळेना.

"भागू, ह्याला खाली ठिव," ती म्हणाली. "कळक वला हाय तवर वळतो. वाळल्यावर वळतच न्हाई असं न्हाई, पर लई भिजवावा लागतो."

"आमच्या लेकरात खोट काढू नगंस," सासू म्हणाली आणि तिने आवडाईला वाटेला लावलं.

त्या दिवसापासून भागूला अन्न गोड लागेना. सासूचं ऐकावं तर वेळ हातातून चाललेली, आवडाईचं ऐकावं तर घरात भांडण. शेवटी तिने धुण्याच्या पाटीत म्हादूला निजवलं, वर लुगडं पांघरलं आणि ओढ्यावर जाते म्हणून बेट गाठलं.

आवडाईने त्याच्यासाठी बूड नसलेली टोपली विणली. त्याच्या छातीला घट्ट बसणारी, आतून चिंध्या भरलेली. त्यात ठेवलं की म्हादू बसलेला राहायचा. मग ती समोर बसायची. कळकाच्या नळीत खडे घालून एकदा डावीकडे वाजवायची, एकदा उजवीकडे. बोटाला गूळ लावून त्याच्या ओठांपासून जरा लांब धरायची, म्हणजे त्याने मान पुढे करावी, हात पुढे करावा. तो दमला की थांबायची. जरा सावरला की टोपलीची एक कामटी, कळकाची एक पट्टी, काढून टाकायची. असं म्हणतात, त्या उन्हाळ्यात बेटातले सगळे कळक टोपलीवर वाकून उभे राहिले आणि लेकराला ऊन लागलं नाही.

भागूचं मात्र अर्धं लक्ष लेकरात आणि अर्धं वाटेकडे. रोज घरी निघताना ती धुणं नुसतं पाण्यात बुडवून घ्यायची. न धुतलेलं लुगडं सासूला कळणार नाही, असं तिला वाटायचं, भाबडी बिचारी. एके दिवशी सासू मागोमाग आलीच.

टोपलीच्या तेव्हा थोड्याच कामट्या उरल्या होत्या. नातवाला उघड्यावर, मातीत बसवलेलं पाहून म्हातारी त्याला उचलायला धावली. भागू आडवी आली.

"आत्याबाई, मला मारा, पर त्याला उचलू नका." 

आवडाईने वाद घातला नाही. उरलेली टोपली सोडवून तिने बाजूला ठेवली. "आजी, तुमीच म्होरं बसा," ती म्हणाली. "तुमीच हाक मारा."

 म्हातारी मटकन बसली आणि कशीबशी म्हणाली, "म्हादबा."

म्हादू आवाजाकडे वळला आणि कलंडला. असं म्हणतात, तेव्हा ओढ्याचं पाणीसुद्धा थांबलं. पडता पडता म्हादूने हात जमिनीला टेकला आणि तसाच, वाकडातिकडा, आपल्या हातावर बसून राहिला. म्हातारी पदरात तोंड लपवून रडली. "म्या ह्याला पाळण्यात डांबून ठिवला," म्हणाली.

पुढे म्हादू हरणासारखा पळायला लागला, असं काहीजण रंगवून सांगतात. ते मनावर घेऊ नका. तो उशिरा चालला, काठी घेऊन चालला. बोलला मोजकंच. पण आपल्या हाताने भाकरी मोडून खायचा आणि बेटात बसून सुपं विणायचा. त्याच्यामागून पुष्कळ लेकरं आवडाईकडे आली. काही चालली, काही कधीच उभी राहिली नाहीत. त्यांच्याही समोर ती बसायची, त्यांनाही हाक मारायची.

आवडाई गेलेली कुणी पाहिली नाही. असं म्हणतात, एक टोपली विणता विणता ती बेटात शिरली आणि कळकांत मिसळून गेली. वारा सुटला की तिथे अजून नळीतले खडे वाजतात.

कळकेवाडीत आजही शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आया आपली तान्ही लेकरं बेटाखाली आणतात आणि चटईवर ठेवतात. आज्या समोर बसून हाका मारतात. त्या दिवशी 'होईल हळूहळू' म्हणायची कुणाला मुभा नाही. एखादं लेकरू वळलं नाही, तर संध्याकाळच्या आत बिनबुडाची टोपली त्या घराच्या दारात येते, आणि ती आणणारी बुरडीण लगेच परत जात नाही, आवडाईसारखी लेकरासमोर बसते. टोपली पाहून आई घाबरते. म्हाताऱ्या तिला भिऊ नको म्हणत नाहीत. पदर खोचून खाली बसतात आणि म्हणतात, "आण त्याला. ठिव हितं."