कुरतडलेल्या बेलाची कहाणी

ऐक बेलावरच्या फुलपाखरा, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, जांभया मागाहून द्या.

आटपाट नगर होतं. नगर कसलं, चार गल्ल्या नि चाळीस जिभा! तिथं एक देसाईण होती. दाराशी बेल, घरात एकुलती लेक चंपी. चंपी अंथरुणाला खिळलेली. वैद्य झाले, अंगारे झाले, नवस झाले, गुण येईना. खिडकीतून फुलपाखरू दिसलं की तेवढी हसायची.

एके दिवशी दारी एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई, वसा सांगते, पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही. लेकीसाठी सांग."

"श्रावणभर बेलावरच्या अळीला हात लावू नको. अळ्या खातील, खाऊ दे. अळ्यांची पाखरं होतील. ती उडतील, त्या दिवशी तुझी लेक उठेल."

पहिल्या सोमवारी बेलावर अळ्या दिसल्या. देसाईणीनं हात लावला नाही. दुसऱ्या सोमवारी अळ्या हिरव्यागार फुगल्या, पानांना भोकं पडली. शेजारची यमूकाकू म्हणाली, "अगो, हा बेल की चाळण?" देसाईण कसनुशी हसली. तिसऱ्या सोमवारी देवळात साऱ्यांच्या तबकांत अखंड बेल, देसाईणीच्या तबकात नुसते तांदूळ. यमूकाकू म्हणाली, "देसायांचं तबक, आणि बिनबेलाचं?"

झालं! लेकीचं दुखणं सोसलं, शेजारणीचं बोलणं सोसेना. मग घरी आली, चिमटा घेतला, एकूणएक अळी कढत पाण्यात टाकली. मग घाबरली. मग काय केलंन्, गंमत बघा! जरीच्या कापडाची शंभर पाखरं कापली, दोऱ्यानं बेलाला बांधली. चंपीला खिडकीशी बसवलं.

"आई, ही उडत का नाहीत गं?"

"ऊन चढलं की उडतील."

ऊन चढलं. ऊन उतरलं.

"आई, खरी कुठं गेली?"

चंपीनं भिंतीकडं तोंड केलं, ते पुन्हा इकडं वळलं नाही.

तेराव्या दिवशी म्हातारी आली. देसाईण रडली, "भोकाचं पान देवाला कसं वाहू?"

"देव कधी नको म्हणाला? म्हणाली ती यमू."

पुढल्या श्रावणात देसाईण एकाही अळीला शिवली नाही. पाखरं उडाली, शंभरावर उडाली. एक खिडकीतून आत आलं, रिकाम्या खाटेवर बसलं. देसाईण जागची हलली नाही.

आता खाली काय बघता? कढीपत्त्यावरच्या अळ्या कोण वेचून मारतं, ठाऊक आहे! एक झाड त्यांना सोडा. देसाईणीला उशिरा दिसली, ती पाखरं तुम्हांआम्हांला वेळेवर दिसोत, लेकीबाळींच्या संगती दिसोत. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत सरली, भोकाच्या पानासकट देवाला पावली.