सोनकीची गुळाची मुंडकी

एकदा काय झालं, डोंगरातल्या एका गावात सोनकी नावाची मुलगी होती. नऊ वर्षांची. तिची बहीण बकुळ, ती एवढुशी. त्या गावात एक राक्षस यायचा. रात्री नाही बरं का, भर दुपारी! मोठी माणसं शेतावर गेली की दार फोडायचा आणि पोरं उचलून न्यायचा.

त्या दिवशी आईबाबा शेतात होते. गावातली कुत्री एकदम गप्प झाली. टेकडीपलीकडून आवाज आला, धप्प... धप्प... बकुळला घेऊन पळणार तरी कुठवर? सोनकीनं तिला धान्याच्या रिकाम्या कणगीत बसवलं. म्हणाली, "आवाज करायचा नाही हं."

मग तिनं चुलीवर कढईत गूळ ठेवला. करपून काळाकुट्ट होऊ दिला. तीन सफरचंदांत काठ्या खुपसल्या. एक बुडवलं, त्याला खोबऱ्याचे दात लावले. दुसरं बुडवलं, त्याला मनुकांचे डोळे आणि शेवयांचे केस. अगदी मुंडकीच! तिसरं बुडवलं, तोवर धप्प धप्प पार वेशीशी आलं. मग तिन्ही तशीच अंगणात रोवली आणि दाराला आतून कडी घातली.

राक्षस आला. थबकला.

"कुणाची रे ही मुंडकी?"

सोनकीनं घागरीत तोंड घातलं. "माझी न्याहारी!" घागर घुमली. "तुझ्याहून मोठा राक्षस आहे मी. चालता हो!"

राक्षस दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात कणगीतून बकुळ रडली, "ताई..."

"हं! आत पोर आहे तर!" राक्षस हसला. राक्षसानं पहिलं मुंडकं हुंगलं. दुसरं चाटलं. "गोड? मुंडकं कधी गोड असतं का?" मग त्यानं तिसरं अख्खं तोंडात टाकलं आणि चावलं.

ते तर आत्ताच कढईतून निघालेलं! पाकानं जीभ भाजली, पाक दातांना चिकटला. तोंड काही उघडेना. मिटल्या दातांतूनच तो ओरडला,

"म्म्म! मेलो! मुंडकं चावलं मला!"

असा पळाला, असा पळाला, की सात डोंगर ओलांडले तरी थांबला नाही. पुन्हा कधी आला नाही.

सोनकीनं बकुळला बाहेर काढलं, छातीशी धरलं. तोवर रडली नव्हती, मग मात्र खूप रडली. आई आली तेव्हा दोघी तशाच मिठीत झोपल्या होत्या. पुढं त्या गावातली सगळी पोरं सुखानं वाढली.

चला, पांघरूण घ्या. मी इथंच बसलेय. मिटा डोळे.