फ्यूज सुपडूच्या खिशात

जळगावचा मे महिना आणि वायरमनच्या परवान्याची तोंडी परीक्षा. परीक्षक घारपुरेसाहेब पंख्याखाली पाय पसरून बसायचे आणि येईल त्याला नापास करायचे. सुपडू कोळीची ही चौथी खेप. यंदा त्याने अख्खं पुस्तक म्हशीला म्हणून दाखवत पाठ केलं होतं.

"कामाआधी काय करशील?" साहेबांनी विचारलं.

"मेन स्विच बंद करीन आणि फ्यूज काढून खिशात ठेवीन. म्हणजे कुणी मध्येच लाइन चालू करणार नाही."

"पोपटपंची नको! करून दाखव!"

सुपडू उठला. भिंतीवरचा मेन स्विच त्याने बंद केला, फ्यूज खिशात टाकला आणि येऊन बसला. पंखा थांबला. तिसऱ्या मिनिटाला साहेबांच्या मिशांतून घाम ठिबकू लागला.

"बरं, कळलं. लाव परत."

"असं कसं, साहेब? काम संपल्याशिवाय फ्यूज खिशातून काढायचा नाही. पुस्तकातच आहे. काढला तर नापास कराल."

"अरे, पण तुझं काम तरी काय आहे इथे?"

"परवान्यावर तुमची सही."

साहेबांनी घाम पुसत सही केली. मग सुपडूने लगेच पंखा सुरू करून दिला. शाई वाळायला नको का?